पासपोर्टला शिवलेली आठ पानं

प्रिय नातवंडांनो,

परवा फोनवर तुमच्यातली मोठी म्हणाली की तिच्या पासपोर्टची पानं संपली, तिनं घरी बसूनच नव्याचा अर्ज केला आणि चहा गार व्हायच्या आत काम झालं. तेवढ्यात धाकट्यानं मध्येच विचारलं, "आजी, पानं संपली तर त्यातच अजून थोडी का नाही जोडत?" तुम्ही दोघांनी तीन-चार वेळा हॅलो हॅलो केलंत आणि लाइन तुटली असं समजून फोन ठेवलात. लाइन तुटली नव्हती. धाकट्याच्या प्रश्नाचं उत्तर मला चांगलं ठाऊक आहे, पण ते फोनवर सांगण्याइतकं लहान नाही.

हे मी तुमच्या आईलासुद्धा नीट सांगितलेलं नाही. ती तेव्हा शाळेत होती. ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्या दोघा भावांपैकी आता कुणी नाही. धाकट्या भावाची बायको उचगावला असते. तिला आधी विचारावं म्हणून गेल्या आठवड्यात रिक्षा करून गेले. ती म्हणाली, "लिवा की बाई. खरं हाय तेच लिवणार न्हवं तुमी?" यात टोमणा होता की परवानगी, ते मला कळलं नाही. तिच्या घरच्यांचं बोलणं मला या बाबतीत कधीच पुरतं कळलेलं नाही.

सत्तरच्या दशकाचा मधला काळ. आम्ही शिवाजी पेठेत भाड्यानं राहत होतो. समोर तालीम, तालमीला लागून छापखाना, आणि छापखान्याच्या बाजूला एका बाइंडरचं दुकान. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. पेठेत इंग्रजी येणारे वकील होते, डॉक्टर होते, पण दारात जाऊन अर्ज भरून मागावा अशी बहुधा मीच होते. रविवारी चार ते सहा अशी वेळ मी ठरवून दिली होती, कारण वेळ ठरवली नसती तर लोक जेवणाच्या पानावरून उठवायचे. सोप्यात, म्हणजे दारालगतच्या पडवीत, एक बाक होता, त्यावर माणसं ओळीनं बसायची. कुणाला विम्याचा कागद समजून घ्यायचा असे, कुणाला मुलाच्या नोकरीचा अर्ज हवा असे. मी सगळं आधी पेन्सिलीनं भरायची, त्यांना मराठीत वाचून दाखवायची आणि मग शाईनं गिरवायची. या कामाचा मला अभिमान होता. तो तेव्हा मी कबूल केला नसता.

बाइंडरचा धाकटा भाऊ आखातात ट्रक चालवायचा. गल्लीत त्याला सगळे डायव्हर म्हणत, त्याच्या बायकोला भाभी, आणि बाइंडरला लहानथोर सगळे चाचा. डायव्हरचं काम असं, की बंदरावर उतरलेला माल घेऊन वाळवंटातून दोन-तीन देश ओलांडायचे, माल टाकायचा आणि रिकामा ट्रक घेऊन परत यायचं. प्रत्येक सीमेवर जाताना शिक्का, येताना शिक्का, आणि काही ठिकाणी अख्खं पान व्यापणारा परवाना. विमानानं फिरणाऱ्या साहेबाचा पासपोर्ट दहा वर्षं पुरत असेल, पण याचा तीन वर्षांत भरला. मार्च महिन्यात तो सुटीवर आला तेव्हा मुंबईच्या विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं बराच वेळ पानं उलटली, शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात कसाबसा शिक्का मारला आणि सांगितलं, आता यात मुंगीलासुद्धा जागा नाही, परत जाण्याआधी काय ते बघ.

तो माझ्याकडे आला तो रविवार नव्हता. बुधवार होता, संध्याकाळची वेळ, आणि माझ्यासमोर दोन वर्गांचे वार्षिक परीक्षेचे पेपर होते. तो दारातच उभा राहिला. चप्पल काढली नव्हती, म्हणजे लगेच जायच्या तयारीत होता.

"बाई, कामात हाय व्हय?"

"पेपर तपासतेय. काय काम होतं?"

त्यानं पासपोर्ट दाखवला. मी चाळला. मला आठवलं की माझे वडील इंग्रजांच्या काळात सिलोनला जाऊन आले होते, तेव्हा त्यांच्या पासपोर्टाची पानं भरल्यावर त्याला जादा पानांची पुस्तिका जोडून मिळाली होती. ती मी लहानपणी हाताळली होती.

"पानं संपली तर जादा पानं जोडता येतात," मी म्हटलं. "काळजीचं काही नाही. माझे पेपर संपू देत, मग बघू. परत कधी जायचंय?"

"मे अखेरला हजर व्हायचं हाय. न्हाय झालो तर तिकडं ऱ्हायाच्या परवान्याचा शिक्का बाद. मालक दुसऱ्याला बशिवतोय."

"मग भरपूर वेळ आहे," मी म्हटलं आणि पेपराकडे वळले.

माझं बोलणं एवढंच. जोडता येतात, पण कोण जोडतं, कुठं, कुणाच्या सहीनं, यातलं काही मी सांगितलं नाही. वर्गात मुलींना अर्धवट उत्तरासाठी मी अर्धे गुण कापायची.

त्यानंतर तीन आठवडे तो आला नाही. मला बरंच वाटलं. पेपर, निकालपत्रकं, प्रगतिपुस्तकं यांत मी बुडाले होते. एप्रिलच्या मध्यावर एका रविवारी चार वाजता तो, भाभी आणि चाचा असे तिघंही आले. भाभीच्या हातात पेढ्यांचा पुडा होता.

"बाई, झालं काम," डायव्हर म्हणाला आणि पासपोर्ट माझ्या हातात दिला.

आधी माझ्या काहीच लक्षात आलं नाही. पुस्तक नेहमीसारखंच दिसत होतं. मग मधोमध उघडलं तेव्हा आठ पानं कोरी निघाली. कागद इतर पानांच्याच जाडीचा, रंगही जवळजवळ तोच, कडा एका रेषेत कापलेल्या. मधला दोरा नवा होता, मेण लावलेला.

"हे कुणी केलं?"

"म्या," चाचा म्हणाला. त्याचा चेहरा असा होता, जणू मी आता पाठ थोपटणार. "कागद हुडकाय दोन दिस गेलं. पांढराफेक कागद शोभंना, म्हणून चहाच्या पाण्यातनं काढला आन् सावलीत वाळवला. दोरा उसवला, पानं मदी घातली, आन् जुन्याच भोकांतनं परत शिवलं. एक भोक नवं पाडलं न्हाय बगा. नंबर तेवढं घातलं न्हाईत. म्हटलं बाईंना इचारून घालतो, इंग्रजीत घालायचं का मराठीत."

त्याच्या दुकानात क्रमांक टाकायचं एक छोटं यंत्र होतं, पावतीपुस्तकांसाठी. ते त्यानं पिशवीतून बरोबर आणलं होतं.

मी खुर्चीवर बसले. "चाचा, अहो हा सरकारी कागद आहे."

"व्हय की. सरकारी कागद माझ्याकडंच येत्यात शिवायला. कचेरीची दप्तरं, झेडपीची रजिस्टरं, कोर्टाच्या फायली. पानं संपली की सायेब म्हणतोय, चाचा, ह्यात धा पानं आणिक घाला. घालतो. तीस वर्सं घालतोय."

आणि ते खरंच होतं. पेठेतल्या कुठल्याही माणसाला विचारलं असतं की वही भरली तर काय करायचं, तर त्यानं चाचाच्या दुकानाकडे बोट दाखवलं असतं. सरकारसुद्धा तिथंच बोट दाखवत होतं. माझं वाक्य ऐकून डायव्हरला मुंबईचं ऑफिस आठवण्याचं काही कारणच नव्हतं, पन्नास पावलांवर सख्ख्या भावाचं दुकान होतं.

तुम्ही विचारलंत म्हणून इथंच सांगून टाकते. पासपोर्टची पानं संपली तर तो सरकारकडे द्यायचा. ते नवं पुस्तक देतात, जुन्याचा कोपरा कापून ते रद्द करतात, आणि जुन्यात चालू परवाना असेल तर दोन्ही पुस्तकं एकत्र जोडून देतात. तेव्हा पुष्कळदा जादा पुस्तिकाही जोडत. पण ती त्यांनी जोडायची, त्यांच्या शिक्क्यानं. आपण त्यातलं एक पान काढायचं नाही, एक घालायचं नाही, दोऱ्याला हात लावायचा नाही. पासपोर्ट आपल्या नावाचा असला तरी आपल्या मालकीचा नसतो, हे त्याच्यातच छापलेलं असतं. हे सगळं मी त्या बुधवारी सांगायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम होतं.

मी त्या तिघांना जमेल तितक्या शांतपणे समजावलं. चहात बुडवलेला कागद बघून कुणीही म्हणेल की हे फसवण्यासाठी केलंय, हेही सांगितलं. भाभीनं पेढ्यांचा पुडा पदराखाली घेतला. डायव्हर इतका वेळ उभा होता, तो बाकावर बसला.

"मंग काढतो की," चाचा म्हणाला. "घातली तशी काढतो. दोन मिंटं. जुना दोरा बी ठेवलाय म्या, त्योच घालतो. कुनाच्या बापाला कळायचं न्हाय."

"कळेल."

"कशानं कळंल? माझं काम मला हुडकंना, त्यास्नी कुठनं घावंल?"

"दोरा एकदा निघाला की कळतंच, चाचा. त्यांच्याकडे ते बघणारी माणसं असतात." हे मी अगदी ठामपणे सांगितलं. प्रत्यक्षात अशी माणसं असतात की नाही, ती काय बघतात, याची मला काडीची माहिती नव्हती.

आता पुढचा भाग लिहायला मला जड जातं. दोन रस्ते होते. एक चाचाचा. पानं काढायची, दोरा होता तसा घालायचा, आणि पानं संपली एवढंच लिहून साधा अर्ज करायचा. असे अर्ज तीन-चार आठवड्यांत निघत होते. आमच्या शाळेच्या शिपायाच्या भावाचा निघाला होता. दुसरा रस्ता म्हणजे झालं ते सगळं लिहायचं, अज्ञानानं घडलं म्हणून माफी मागायची आणि पासपोर्ट आहे तसा समोर ठेवायचा. अर्जाच्या शेवटी एक वाक्य असतं, की मी कुठलीही माहिती दडवलेली नाही. ते वाक्य मी आजवर शेकडो लोकांना मराठीत वाचून दाखवलं होतं, आणि वाचताना प्रत्येकाच्या डोळ्यांत बघायची माझी सवय होती.

मी म्हटलं, "मी खोटा अर्ज लिहिणार नाही."

"खोटा कुठं हाय?" चाचा म्हणाला. "पानं संपल्यात, हे खरं हाय की."

"आणि घातली होती हे?"

"ते कोण इचारतंय?"

डायव्हर आपल्या भावाकडे बघेना, माझ्याकडे बघेना. त्यानं बायकोकडे बघितलं. भाभी म्हणाली, "बाई म्हणतील तसं करूया. शिकल्याली मानसं हाईत, त्यास्नी कळतंय."

रात्री जेवताना मी तुमच्या आजोबांना सगळं सांगितलं. ते कमी बोलायचे. भात कालवत म्हणाले, "अर्ज त्याचा आहे, तुझा नाही, एवढं ध्यानात ठेव." मला राग आला. मी म्हटलं, मग काय मी लबाडी शिकवू? ते म्हणाले, "मी कुठं तसं म्हटलं?" आणि ताक मागितलं.

दुसऱ्या दिवशी मी पत्र लिहिलं. फुलस्केप कागदाच्या दोन बाजू. मी आयुष्यात लिहिलेलं ते सगळ्यात चांगलं इंग्रजी असेल. बाइंडरचा धंदा, सरकारी रजिस्टरांची रीत, भावाची मदत करायची धडपड, आणि मूळ चूक माझी, की मी अपुरी माहिती दिली, हे सगळं क्रमवार लिहिलं. लिहिताना मला एक प्रकारचं समाधान वाटत होतं, ते आज आठवलं की अंगावर येतं. डायव्हरचा नवा फोटो राजारामपुरीतल्या स्टुडिओत काढून घेतला. आणि मेच्या सुटीत, पहिल्याच आठवड्यात, मी, डायव्हर आणि भाभी एसटीनं मुंबईला गेलो.

दोन दिवस रांगेत गेले. तिसऱ्या दिवशी एका अधिकाऱ्यासमोर उभं राहायला मिळालं. पन्नाशीचा, घामानं कॉलर भिजलेला मराठी माणूस. त्यानं पत्र वाचलं. परत पहिल्यापासून वाचलं. मग पासपोर्ट मधोमध उघडून आठ पानांवरून अंगठा फिरवला.

"काम सुबक आहे," तो म्हणाला. "पत्र कुणी लिहिलं?"

"मी. मी शिक्षिका आहे."

"ते दिसतंच." त्यानं पत्राची नीट घडी घातली. "बाई, इतकं सगळं लिहायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"खरं लिहायला कुणी सांगावं लागतं का?"

तो हसला नाही, चिडलाही नाही. "आता हे मला वर पाठवावं लागणार. तुम्ही कागदावर आणलंत, म्हणजे मला न बघितल्यासारखं करता येत नाही. पोलीस चौकशी होईल, जबाब होतील. तोवर पासपोर्ट आमच्याकडे."

"याला मेअखेरीस हजर व्हायचंय," मी म्हटलं. "ते पत्रात शेवटच्या परिच्छेदात लिहिलंय."

"वाचलं मी ते."

"मग लिहिलं नसतं तर काय झालं असतं?"

त्यानं मान वर करून डायव्हरकडे बघितलं, माझ्याकडे नाही. "ते आता कशाला?" म्हणाला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

परतीच्या एसटीत भाभी खिडकीशी बसली. कात्रजच्या पुढे गाडी चहाला थांबली तेव्हा डायव्हर माझ्यासाठी चहा घेऊन आला. त्यानं बशी पुसून दिली होती. "बाई, तुमी जीव जाळू नका," म्हणाला. "व्हईल."

चौकशीला हवालदार आला तो मेच्या तिसऱ्या आठवड्यात. मी दुकानात हजर होते, कारण जबाब मराठीत असला तरी त्यात काय लिहितात ते मला बघायचं होतं.

"पावणं, ही पानं तुमीच घातली व्हय?" हवालदारानं चाचाला विचारलं.

"म्याच."

"कशापायी?"

"भरलं हुतं म्हणून. तुमचं बी भरलंय की." चाचानं मागच्या फळीकडे हात केला. तिथं पोलीस चौकीची दोन रजिस्टरं दाबाखाली ठेवलेली होती.

हवालदारानं वळून बघितलं. "ते आमचं व्हय? आन् ते कवा देणार? सायेब रोज माझ्या नावानं ओरडतोय."

"उद्या न्या. त्यात बी बारा पानं वाढवल्यात. ते बी लिवा जबाबात."

दुकानातले सगळे हसले. हवालदारही हसला. मीसुद्धा हसले असेन. जबाब चार ओळींचा झाला, वाईट काहीच नव्हता त्यात, उलट अडाणीपणाने व सद्हेतूने असंच लिहिलं होतं. पण तो कागद चौकीतून वरच्या कचेरीत, तिथून मुंबईला, मुंबईत एका टेबलावरून दुसऱ्यावर असा जायचा होता, आणि मे संपायला नऊ दिवस उरले होते.

त्या नऊ दिवसांत डायव्हर रोज पोस्टमनच्या वेळी तालमीच्या कट्ट्यावर बसायचा. पोस्टमन लांबूनच हात हलवून नाही म्हणायचा. मी खिडकीत उभी राहून बघायची. एकतीस तारखेला पोस्टमननं हात हलवला, डायव्हर उठला, टोपी झटकली आणि घरात गेला. मी दोन तारा करून दिल्या होत्या मालकाला, मुदत वाढवून मागायला. एकीचंही उत्तर आलं नाही. जूनच्या मध्यावर त्याच्याबरोबर काम करणाऱ्या कुणाचं तरी पत्र आलं, ट्रकवर दुसरा माणूस बसवला आहे म्हणून. ते इंग्रजी अक्षरांत हिंदी लिहिलेलं होतं, त्यामुळे वाचायला माझ्याकडेच आणलं.

नवा पासपोर्ट जुलैच्या अखेरीस आला. कोणतीही शिक्षा नाही, ताकीद देऊन सोडलेलं. जुना पासपोर्टही कोपरा कापून परत आला, नव्याला बांधून, अगदी नियमाप्रमाणे. आठ पानं त्यांनी काढून घेतली होती. नव्यातली सगळी पानं कोरी होती. तिकडचा शिक्का तोवर बाद झाला होता. त्यानं तो पासपोर्ट माझ्या हातात देऊन विचारलं, "बाई, सगळं बरोबर हाय न्हवं?" मी प्रत्येक पान तपासलं आणि म्हटलं, बरोबर आहे.

तो पुन्हा परदेशी गेला नाही. एकदोन एजंटांकडे नाव घातलं, पण त्याच्याहून तरणी पोरं रांगेत होती. मग मार्केट यार्डातून गुळाचे ट्रक चालवायला लागला, हंगाम संपला की मिळेल ते. पुढे भावाभावांत वाटणी होऊन तो उचगावला राहायला गेला. चाचा माझ्याशी बोलायचा, आदरानंच बोलायचा, पण माझ्या घरच्या वह्या-पुस्तकांचं बाइंडिंग मी दिलं तर "टाइम न्हाय बाई" म्हणायचा. वर्षभरानं मी देणं बंद केलं.

डायव्हरनं मला कधी एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. उलट ट्रकवरच्या एखाद्या सोबत्याला कागद करायचा असला की तो त्याला घेऊन रविवारी यायचा आणि दारातूनच सांगायचा, "हिकडंच चल. बाई खरं हाय तेच लिवत्यात." सोप्यात बसलेली माणसं मान हलवायची. मी पेन्सिल काढायची.

रविवारचं काम मी सोडलं नाही, पण त्याची गोडी गेली. कुणी काही विचारलं तर आधी छापील नियम मागवून घ्यायची, दोनदा वाचायची, आणि तरीही हात लवकर पुढे व्हायचा नाही. लोक म्हणायचे, बाई आता फार चिकित्सा करतात. निवृत्त झाल्यावर गुडघ्यांचं निमित्त सांगून बंदच केलं.

तुम्ही मला विचाराल, मग आजी, खोटं लिहायला हवं होतं का? मला माहीत नाही. इतक्या वर्षांत मी हा प्रश्न पुष्कळ बाजूंनी घोळवला आणि दर वेळी दमून ठेवून दिला. मी खरं लिहिलं यात माझी चूक आहे असं मला अजूनही म्हणवत नाही. पण त्या खऱ्याची किंमत मी भरली नाही, ती दुसऱ्यानं भरली, आणि तेव्हा मी त्याला सरळ असं विचारलंसुद्धा नव्हतं, की तुझं आयुष्य, तुझी नोकरी, तू काय म्हणतोस? मी म्हटलं आणि त्यानं बायकोकडे बघितलं, एवढंच.

गेल्या आठवड्यात उचगावला गेले तेव्हा भाभीनं कपाटातून पत्र्याची एक पेटी काढली. डायव्हरची कागदपत्रं तिनं जपून ठेवली आहेत. दोन्ही पासपोर्ट अजून एकत्र बांधलेले होते. तिनं ते माझ्यापुढे ठेवले आणि चहा टाकायला आत गेली. मी जुना उघडला. दारात उजेड चांगला होता. चष्मा पुसून मी मधली घडी पालथी करून बघितली, बोट फिरवलं, मग भाभीच्या नातीला बोलावून तिलाही बघायला सांगितलं. "काय शोधायचंय, नानी?" तिनं विचारलं. मी म्हटलं, जादा भोकं. तिनं नखानं एकेक टाका मोजला, घडी ताणून बघितली आणि म्हणाली, "एकच ओळ आहे. दुसरी भोकं नाहीत."

चाचानं सांगितलं होतं तसंच. काढून घेतलेल्या पानांची तिथं काहीच खूण नव्हती.

भाभी चहा घेऊन आली. मी काय बघितलं ते तिला सांगितलं. तिनं कप माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आमास्नी ठावं हाय ते बाई. ह्येंनी लई येळा बघितलं हुतं." मग विचारलं की साखर बरोबर आहे का.

नवा पासपोर्ट त्याच्याखालीच होता. एकही शिक्का नसलेला, सगळी पानं जशीच्या तशी. उचगावला भाभीच्या पेटीत तो अजून आहे.